पूर्वीच्या दोषसिद्धीमुळे शिक्षा वाढवली असेल, तर अपिलात नेमके काय मांडता येते?

खारीगावकर
नमस्कार मंडळी. विषय घरातला आहे, त्यामुळे नावे सांगत नाही, बाकी सगळे जसे घडले तसे लिहितो. माझ्या आतेभावाला ठाण्यातील मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयाने 2022 मधील एका चोरीसाठी भारतीय दंड संहितेच्या कलम 380 (इमारतीतील चोरी) सह कलम 75 (पूर्वी दोषी ठरलेल्यास वाढीव शिक्षा) खाली पाच वर्षे सक्तमजुरी आणि दहा हजार रुपये दंड अशी शिक्षा सुनावली आहे. चोरी माल ठेवलेल्या गाळ्यातली होती. त्याने ती केली की नाही, यावर मी येथे वाद घालणार नाही. पुरावा बराच आहे आणि मुद्देमालही त्याच्याच खोलीत सापडला.

मला विचारायचे आहे ते शिक्षेबद्दल. निकालपत्राच्या शेवटून दुसऱ्या पानावर एकच परिच्छेद आहे. आरोपीवर याआधी दोन गुन्हे शाबीत झालेले असल्याने तो सराईत ठरतो आणि सौम्य शिक्षेला पात्र नाही, अशा आशयाचा. त्यापैकी पहिले प्रकरण 2014 चे, कलम 379 चे, म्हणजे साध्या चोरीचे. रेल्वे स्थानकावर मोबाईल चोरल्याच्या आरोपावरून तो एक्केचाळीस दिवस ठाणे कारागृहात होता, जामिनाला उभे राहणारे कोणी मिळेना, म्हणून त्याने गुन्हा कबूल केला आणि भोगली तेवढीच शिक्षा धरून त्याला सोडण्यात आले. दुसरे प्रकरण बांधकामावरील तांब्याच्या तारेचे, घटना 2021 ची. त्याचा निकाल मार्च 2024 मध्ये लागला आणि ती एक वर्षाची शिक्षा त्याने पूर्ण भोगली आहे.

या दोन जुन्या निकालांच्या आधारे शिक्षा वाढवली, याविरुद्ध अपील करता येते का आणि त्यात काय मांडायचे असते? आत्याला आणखी एक भीती आहे की अपील केले तर शिक्षा आणखी वाढेल. निकालाला आज एकोणीस दिवस झाले.

काळा_कोट
खारीगावकर, सर्वप्रथम मुदतीचे बोलू. दंडाधिकाऱ्यांच्या शिक्षेविरुद्धचे अपील सत्र न्यायालयात जाते आणि त्याची मुदत तीस दिवसांची आहे. उच्च न्यायालयात जायचे असते तर साठ दिवस मिळाले असते. प्रमाणित प्रत मिळण्यात गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम 12 प्रमाणे वगळला जातो आणि विलंब माफीचा अर्जही करता येतो, पण अकरा दिवस हाताशी असताना त्या भरवशावर राहू नका. कारावासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत तत्काळ आणि विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे, ती मिळाली असेलच. वकील परवडत नसेल तर कोठडीतील व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 खाली उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा 15100 या क्रमांकावर फोन करा. काहीच जमले नाही तर आतेभाऊ कारागृह अधीक्षकांमार्फतही अपील पाठवू शकतो.

आता मूळ प्रश्न. कलम 75 चे शब्द नीट वाचले तर त्यात एक क्रम दडलेला आहे. आधी दोषसिद्धी झाली पाहिजे आणि त्या दोषसिद्धीनंतर नवा गुन्हा घडला पाहिजे. तुमच्या दुसऱ्या प्रकरणाचा निकाल मार्च 2024 चा, आणि या चोरीची घटना 2022 ची. म्हणजे ही चोरी झाली त्या दिवशी तांब्याच्या तारेचा खटला नुसता प्रलंबित होता, दोषसिद्धी झालेलीच नव्हती. नंतर लागलेला निकाल मागे ओढून या गुन्ह्याला चिकटवता येत नाही. हा तुमच्या अपिलातला सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो निव्वळ तारखांवर उभा असल्याने साक्षीपुराव्याच्या कचाट्यात सापडत नाही.

राहिले 2014 चे प्रकरण. ते क्रमात बसते. पण ते दोषारोपात, म्हणजे न्यायालयाने आरोपीवर ठेवलेल्या लेखी आरोपात, नमूद होते का, आणि रीतसर सिद्ध झाले का, हे पाहावे लागेल. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 211(7) सांगते की वाढीव शिक्षेसाठी पूर्वीची दोषसिद्धी वापरायची असेल तर तिची वस्तुस्थिती, तारीख आणि ठिकाण दोषारोपात लिहिले पाहिजे; राहून गेले असेल तर न्यायालय ते शिक्षा सुनावण्यापूर्वी केव्हाही जोडू शकते, नंतर नाही. आज तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 234(7) मध्ये आहे. तेव्हा पहिले काम म्हणजे दोषारोपाची प्रत काढा आणि येथे सांगा.

ऐरोली_सेक्टर_आठ
एक बाळबोध शंका. 2014 मध्ये केलेल्या चोरीची शिक्षा तेव्हाच भोगून झाली होती ना? मग तिच्यासाठी पुन्हा शिक्षा वाढवणे म्हणजे एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा नव्हे का?

उगाच_एक
कर्ज फेडले तरी पतपेढीच्या वहीत नाव राहते, तसे आहे हे. पुढचे कर्ज मागायला गेलात की वही उघडली जाते.

काळा_कोट
उपमा वाईट नाही. ऐरोलीकर, संविधानाच्या अनुच्छेद 20(2) ने दिलेले संरक्षण एकाच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला आणि पुन्हा शिक्षा यांविरुद्ध आहे. येथे शिक्षा नव्या गुन्ह्याचीच होते, जुन्या दोषसिद्धीमुळे केवळ तिची कमाल मर्यादा वाढते. हा आक्षेप अपिलात घेऊन वेळ दवडू नये.

कोपरीकर
पण पहिल्या प्रकरणात शिक्षा एक्केचाळीस दिवसांचीच झाली होती. मी वाचल्याप्रमाणे कलम 75 साठी आधीची शिक्षा तीन वर्षांची असावी लागते. मग ते प्रकरण आपोआप बाद होत नाही का?

काळा_कोट
हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. प्रत्यक्ष किती शिक्षा झाली याला येथे महत्त्व नाही, तो गुन्हा किती शिक्षेस पात्र आहे हे पाहतात. कलम 379 तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेस पात्र आहे आणि कलम 75 ची अट 'तीन वर्षे किंवा अधिक' अशी आहे, त्यामुळे 2014 चे प्रकरण काठावर का होईना, आत येते. मात्र हे कलम सगळ्याच गुन्ह्यांना लागत नाही. जुन्या संहितेतील नाणी व शासकीय मुद्रांकांचे प्रकरण आणि मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांचे प्रकरण एवढ्यापुरतेच ते आहे. मारामारीचा जुना निकाल दाखवून चोरीची शिक्षा कलम 75 खाली वाढवता येत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम 13 म्हणून आले आहे.

नौपाड्याचा_गाळेवाला
मी वकील नाही, दुकानदार आहे, आणि माझे दुकान दोनदा फुटले आहे. दुसऱ्या वेळी सकाळी शटर अर्धे वाकलेले दिसले तेव्हा पहिली दहा मिनिटे मी आत गेलोच नाही, समोरच्या चहावाल्याकडे नुसता उभा राहिलो. येथे चाललेली चर्चा वाचताना सारखे वाटते की तारीख कोणती, कागद कोणता, यावरच सगळे चालले आहे. तीन वेळा चोरी करणाऱ्याला पहिल्यांदा चोरी करणाऱ्यापेक्षा जास्त शिक्षा झाली, यात अन्याय कोठे झाला, हे मला कोणीतरी समजावून सांगावे. खारीगावकर स्वतःच म्हणतात की मुद्देमाल त्याच्या खोलीत सापडला.

खारीगावकर
गाळेवाले काका, तुमचा राग रास्त आहे आणि तुम्हाला समजावण्याचा अधिकार मला तरी नाही. आम्ही दोषसिद्धीला आव्हान देणारच नाही आहोत, असे आत्यालाही सांगितले आहे. पाचातली किती वर्षे त्याने केलेल्या चोरीची आणि किती चुकीच्या हिशेबाची, एवढाच प्रश्न आहे.

निवृत्त_शिरस्तेदार
मी तीस वर्षे न्यायालयाच्या कचेरीत काढली, त्यातील बरीच अभिलेख कक्षात. त्या अनुभवावरून दोन गोष्टी सांगतो.

पूर्वीची दोषसिद्धी सिद्ध करण्याची रीत जुन्या संहितेच्या कलम 298 मध्ये आहे, नव्या संहितेत ती 334 मध्ये गेली. ज्या न्यायालयात शिक्षा झाली त्याच्या अभिलेखातील प्रमाणित उतारा, किंवा कारागृह अधिकाऱ्याचे सही केलेले प्रमाणपत्र, किंवा ज्या अधिपत्राने (वॉरंटने) आरोपीला कारागृहात पाठवले ते अधिपत्र, यांपैकी काहीतरी लागते. आणि त्याबरोबर, हे फार महत्त्वाचे, तो पूर्वीचा आरोपी आणि आज पिंजऱ्यात उभा असलेला आरोपी एकच आहे याचा पुरावा लागतो. व्यवहारात पोलीस ठाण्याच्या वतीने एक छापील तक्ता येतो, त्यात गुन्हा क्रमांक, कलम, वर्ष आणि 'न्यायप्रविष्ट' किंवा 'शिक्षा' असा शेरा असतो. तो तक्ता म्हणजे पुरावा नव्हे.

ओळखीचा मुद्दा तांत्रिक वाटतो, म्हणून एक प्रसंग. एका प्रकरणात जुन्या निकालाचा उतारा मागवण्यात आला आणि तो मीच नोंदवहीतून उतरवत होतो. नाव तेच, वडिलांचे नाव तेच, आडनाव तेच. त्याच वहीत चार पाने पुढे तेच पूर्ण नाव पुन्हा दिसले, म्हणून मी वय पाहिले. एक चोवीस वर्षांचा, दुसरा एक्केचाळीस वर्षांचा. एकाचा पत्ता मुंब्र्याचा, दुसऱ्याचा भिवंडीचा. मी उताऱ्यावर वय आणि पत्ता दोन्ही ठळक लिहून दिले, तेव्हा कोठे सरकारी वकिलांच्या ध्यानात आले की आपण भलत्याच माणसाची शिक्षा या आरोपीच्या माथी मारायला निघालो होतो. गाळेवाले, कागदाचा आग्रह धरायचा तो यासाठी.

नौपाड्याचा_गाळेवाला
हे उदाहरण पटले. पण खारीगावकरांच्या बाबतीत माणूस तोच आहे, हे त्यांना स्वतःलाच ठाऊक आहे.

निवृत्त_शिरस्तेदार
त्यांना ठाऊक आहे, न्यायालयाला कागदावरून ठाऊक झाले पाहिजे. आज तोच माणूस आहे म्हणून कागद सोडून दिला, तर उद्या भिवंडीवाल्याच्या वेळी कोणत्या तोंडाने मागायचा?

बेलापूरची_वकीलबाई
काळा कोट यांच्या विवेचनाशी बहुतांशी सहमत आहे, पण खारीगावकरांना जास्त आशा लागू नये म्हणून दुसरी बाजू मांडते. कलम 380 ची स्वतःची कमाल शिक्षाच सात वर्षे आहे. पाच वर्षे त्या मर्यादेच्या आत बसतात. त्यामुळे सरकार पक्ष असे म्हणेल की कलम 75 पूर्ण काढून टाकले तरी शिक्षा बेकायदा ठरत नाही. गुन्हा साध्या कलम 379 चा असता तर कमाल तीनच वर्षे, आणि मग पाच वर्षांची शिक्षा कलम 75 शिवाय क्षणभरही टिकली नसती. तुमचे प्रकरण तसे नाही.

म्हणून अपिलात 'शिक्षा बेकायदा आहे' एवढेच म्हणून थांबू नये. निकालपत्रातील त्या परिच्छेदावर बोट ठेवावे. पाच वर्षांचा आकडा न्यायालयाने दोन पूर्वदोषसिद्धींवर उभा केला, त्यातील एक कायद्याने मोजताच येत नव्हती, दुसरी कदाचित सिद्धच झालेली नाही, आणि ती दोन्ही कारणे वजा केल्यावर पाच वर्षांसाठी कोणतेही कारण शिल्लक राहत नाही, अशी मांडणी हवी. सोबत शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे खरोखर ऐकले होते का, हे रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या तारीखवार नोंदीत, पाहा. सत्र खटल्यांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने 1976 च्या सांता सिंग प्रकरणात सांगितले की शिक्षेबाबतची सुनावणी हा उपचार नव्हे, आणि 1989 च्या अल्लाउद्दीन मियाँ प्रकरणात असे सुचवले की दोषी ठरवल्यावर साधारणपणे पुढची तारीख देऊन शिक्षेचे ऐकावे. दंडाधिकाऱ्यांपुढील खटल्यातही शिक्षेवर ऐकून घेण्याची तरतूद आहे. एकाच दुपारी दोष आणि शिक्षा दोन्ही उरकले असेल, तर ते नोंदवा.

काळा_कोट
बाईंचा मुद्दा मान्य. मी तो लिहायला हवा होता.

दूरदेशी
मी मूळची ठाण्याची, आता कॅलिफोर्नियात राहते. येथे हा प्रश्न फार टोकाला गेला होता. 1994 मध्ये आलेल्या 'तीन फटके' कायद्याने दोन गंभीर पूर्वदोषसिद्धी असलेल्याला तिसऱ्या कोणत्याही मोठ्या गुन्ह्यासाठी किमान पंचवीस वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा ठेवली होती. तीन गोल्फच्या काठ्या चोरणाऱ्या एका माणसाची अशी शिक्षा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2003 च्या युइंग खटल्यात कायम ठेवली. शेवटी 2012 मध्ये मतदारांनीच कौल देऊन तो कायदा सौम्य केला, आणि तिसरा गुन्हाही गंभीर किंवा हिंसक असावा अशी सर्वसाधारण अट आली. एक मजेशीर विसंगती अशी की शिक्षेची कमाल मर्यादा वाढवणारी कोणतीही वस्तुस्थिती ज्यूरीपुढे सिद्ध झाली पाहिजे असे 2000 च्या अप्रेंडी निकालाने ठरवले, पण पूर्वदोषसिद्धीचा त्याला अपवाद ठेवला.

वाटसरू
भटक्या-विमुक्तांच्या वस्त्यांवर काम करतो, म्हणून 'सराईत' या शब्दावर बोलल्याशिवाय राहवत नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो 1952 मध्ये रद्द झाला, पण त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि शिक्का तोच राहिला. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर कारागृहातील जातीआधारित भेदभाव घटनाबाह्य ठरवला, तेव्हा कारागृह नियमावल्यांतील 'सराईत' या वर्गवारीचीही दखल घेतली. खारीगावकर, निकालपत्रात हा शब्द कशाच्या आधारे आला ते अवश्य तपासा. केवळ दाखल झालेले गुन्हे मोजून तो आला असेल, तर दाखल होणे आणि शाबीत होणे यांतील फरक पुसला गेला आहे. आमच्या वस्तीवर दाखल गुन्ह्यांची यादी हातभर लांब असलेली मुले आहेत, आणि शाबीत झालेला गुन्हा एकही नाही.

पामबीच_रात्रपाळी
थोडे अवांतर, पण विषयाला धरून. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या प्रकरणातही दुसऱ्या वेळी शिक्षा जास्त असते असे ऐकले. तेथेही हाच नियम लागतो का? मित्रासाठी विचारतो आहे.

उगाच_एक
मित्राला रिक्षाने घरी पाठवा.

काळा_कोट
मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 185 मध्ये 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्या किंवा त्यानंतरच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, असे आहे. पूर्वी दुसरा गुन्हा तीन वर्षांच्या आत घडलेला असण्याची अट होती, ती आता नाही. पहिल्या वेळी न्यायालयात दंड भरून मोकळे होणारे लोक विसरतात की तो दंड म्हणजे दोषसिद्धी आहे. साध्या चोरीचेही तसेच. न्याय संहितेच्या कलम 303(2) ने दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्यास किमान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षे सक्तमजुरी ठेवली आहे. खारीगावकरांच्या प्रकरणातील घटना 2022 ची असल्याने ती तरतूद त्यांना लागू होत नाही.

बेलापूरची_वकीलबाई
खारीगावकर, 2014 मध्ये आतेभावाचे वय नक्की किती होते? अठराच्या आत असेल तर चित्र पूर्ण बदलते. बाल न्याय कायद्याखालील निष्कर्षामुळे पुढे अपात्रता येत नाही, आणि घटनेच्या वेळी आपण अल्पवयीन होतो हा दावा कोणत्याही टप्प्यावर करता येतो, अगदी प्रकरण संपल्यानंतरही.

खारीगावकर
ताई, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री अकरा वाजता आत्याकडे गेलो आणि पत्र्याच्या पेटीतून शाळा सोडल्याचा दाखला काढला. अठरा वर्षे सात महिने. आत्या म्हणाली, सात महिने उशिरा चोरी केली असे समजू नकोस, बुद्धीच उशिरा येणार होती.

कोपरीकर
आत्याच्या भीतीचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. अपील केल्याने शिक्षा वाढू शकते का?

काळा_कोट
आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात सत्र न्यायालय शिक्षेचे स्वरूप किंवा मुदत बदलू शकते, पण ती वाढवू शकत नाही. जुन्या संहितेच्या कलम 386(ब) मध्ये हे स्पष्ट शब्दांत आहे आणि नव्या संहितेच्या कलम 427 मध्येही. शिक्षा कमी वाटली तर वाढीसाठी शासनाला स्वतंत्र अपील करावे लागते, आणि तेथेही आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय वाढ होत नाही. आत्यांना सांगा, या भीतीपोटी मुदत घालवू नका.

अपिलाबरोबरच शिक्षा स्थगिती आणि जामिनाचा अर्ज द्या. शिक्षा तीन वर्षांच्या वर असल्याने खालच्या न्यायालयाला अपिलापुरता जामीन देता येत नाही, तो सत्र न्यायालयातच मागावा लागेल. ठरावीक मुदतीची शिक्षा असेल तर अपवादात्मक परिस्थिती नसल्यास स्थगितीचा विचार उदारपणे व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये भगवान राम शिंदे गोसाई प्रकरणात म्हटले आहे. मात्र येथेही ती जुनी दोन प्रकरणे सरकारी वकील पुढे करतीलच. अटकेनंतर जितके दिवस तो आत होता, ते शिक्षेतून वजा धरले आहेत का, तेही निकालाच्या शेवटच्या ओळीत पाहून घ्या.

खारीगावकर
सर्वांचे आभार. आठ दिवसांनी लिहितो आहे, कारण कागद मिळवण्यातच ते गेले. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळाले, तरुण आहेत, पण सगळे कागद त्यांनी बाकावर पसरून आमच्यासमोर वाचले. दोषारोपाची प्रत दीड पानाची आहे. त्यात 2022 ची तारीख, गाळ्याचे वर्णन, कलम 380, सारे आहे. 2014 किंवा 2024 चा उल्लेख कोठेही नाही आणि कलम 75 चा आकडाही नाही. नंतर दोषारोपात बदल केल्याची नोंद रोजनाम्यात नाही. प्रमाणित उतारा अभिलेखावर नाही. शिरस्तेदार काकांनी सांगितला तसा तक्ता मात्र आहे, एका पानाचा, सहीच्या जागी फक्त शिक्का. शिक्षेबद्दल विचारल्याची रोजनाम्यात एक ओळ आहे, त्याच दिवशीची. अपील सत्ताविसाव्या दिवशी दाखल झाले. स्थगितीच्या अर्जावर पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे.

आत्याने वकिलांना एकच विचारले, 2014 ची कबुली आता मागे घेता येईल का? तेव्हा जामीन असता तर तो कबूल झाला नसता, असे तिचे म्हणणे.

बेलापूरची_वकीलबाई
येणार नाही. स्वतः गुन्हा कबूल करून झालेल्या दोषसिद्धीविरुद्ध अपील फक्त शिक्षेच्या प्रमाणाबद्दल किंवा वैधतेबद्दलच होऊ शकते, आणि ती मुदतही केव्हाच संपली. लवकर घरी जायला मिळते म्हणून कबूल होणारे मी दर महिन्याला पाहते, आणि दर वेळी सांगते की आज काही दिवस वाचतील, पण हा निकाल तुझ्या नावावर राहील. ऐकतात क्वचितच, कारण घरी कोणीतरी वाट पाहत असते.

नौपाड्याचा_गाळेवाला
दोषारोपात लिहिलेलेच नाही, तर मग माझेही म्हणणे आवरते घेतो. ते लिहिणे सरकारी बाजूचे काम होते. एकच विचारतो. ज्याचा गाळा फुटला त्याला त्या दहा हजारांतून काही मिळणार आहे का?

काळा_कोट
दंडातून फिर्यादीला भरपाई देण्याचा आदेश न्यायालय करू शकते, जुन्या कलम 357 खाली. निकालात तसा आदेश आहे का ते खारीगावकर सांगतील. मात्र अपील दाखल झाले की त्याचा निकाल लागेपर्यंत ती रक्कम दिली जात नाही.

खारीगावकर
आदेश आहे. सात हजार रुपये. दंड आम्ही परवाच भरला.

नौपाड्याचा_गाळेवाला
म्हणजे तोही तुमच्याच तारखेची वाट पाहत बसणार. सुनावणीत काय झाले ते येथे कळवा.